घडणावळ वजा

मावशीच्या वाड्यातलं तांब्याचं घंगाळ नाशिकच्या भांडी बाजारात काट्यावर ठेवलं, तेव्हा आकडा आला ४ किलो १८० ग्रॅम. दुकानातल्या पोरानं घंगाळ पालथं केलं, बुडावरून अंगठा फिरवून डाग (कथलाची झाळ) कुठे दिलाय ते चाचपलं, दोन्ही कड्या हलवून पाहिल्या. "कड्या पितळी आहेत काका, त्या वेगळ्या लागतील. डागातलं कथील जाईल. बुडाला भोकही आहे. चार किलो धरू."

"आणि घडणावळ?" मी विचारलं. उत्तर माहीत असून विचारलं.

पोरगं हसलं. "मोडीला कसली आलीय घडणावळ?"

गल्ल्यावर बसलेले त्याचे आजोबा मात्र चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले. घडणावळ, म्हणजे वस्तू घडवण्याची मजुरी, हा शब्द आता गिऱ्हाइकाच्या तोंडून येत नाही. सराफाच्या दुकानातसुद्धा लोक 'मेकिंग' किती म्हणून विचारतात. "कुणाचे तुम्ही?" आजोबांनी विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं. मग चहा आला, आणि घंगाळ काट्यावरून उतरून माझ्या पायाशी आलं.

वडील याच बाजारात दिवाणजी होते. हिशेबाची चिठ्ठी त्यांनी लिहायची: पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा पिवळट कागद, त्यावर शाईच्या पेननं तीन ओळी. पहिली ओळ मालाची, म्हणजे वजन गुणिले भाव. दुसरी घडणावळीची, किलोला इतके. तिसरी 'वजा मोड', म्हणजे गिऱ्हाइकानं आणलेलं जुनं, फुटकं, चेपलेलं भांडं. खाली रेघ आणि बाकी. लग्नसराईत दिवसाला शंभर-सव्वाशे चिठ्ठ्या लिहून त्यांचं मधलं बोट निळं व्हायचं. शाळा सुटली की मी दुकानाच्या पायरीवर बसायचो. पुढे मी ज्या विषयाच्या परीक्षा दिल्या आणि ज्यावर पस्तीस वर्षं पोट भरलं, तो सगळा त्या तीन ओळींत होता. मला ते कळायला फार उशीर झाला, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या ओळीवर कुणी हुज्जत घालत नसे. तांब्याचा भाव पेपरात येई, पेढीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला असे. तिसऱ्या ओळीवर थोडी कुरकुर व्हायची, कारण मोडीचा भाव नव्या मालापेक्षा कमी, पण तोही फळ्यावर असायचा. सगळी घासाघीस दुसऱ्या ओळीवर. "घडणावळीत काहीतरी कमी करा की." सिन्नरहून आलेला शेतकरी असो की कॉलेज रोडची बाई, वाक्य तेच. माल हा वस्तूचा, त्याचे पैसे द्यावेच लागतात. घडणावळ म्हणजे दुकानदारानं वर लावलेलं काहीतरी, असाच सगळ्यांचा समज.

लहानपणी मला एक कोडं पडायचं. हंड्याची घडणावळ किलोला कमी, पाणी प्यायच्या तांब्याची त्याहून जास्त आणि पळी-पंचपात्राची सगळ्यात जास्त. एवढासा जिन्नस आणि एवढी मजुरी? वडील म्हणाले, "किलोभर हंडा म्हणजे हंड्याचा एक तुकडा. किलोभर पळ्या म्हणजे वीस पळ्या. आता तूच सांग, हात कुठे जास्त लागला." हिशेब वजनाचा आणि काम हाताचं, ही त्यातली खरी मेख. तांबटाची मजुरीही वजनावरच असायची. जाड पत्र्याचं भांडं झटकन उरकायचं आणि काट्यावर पैसे भरपूर दाखवायचं. पातळ पत्र्याचं नाजूक काम करताना ठोका जरा चुकला तर पत्रा फाटायचा, वेळ दुप्पट जायचा आणि वजन भरायचं निम्मं. एक म्हातारे तांबट चिठ्ठी हातात घेऊन वडिलांना म्हणाले होते, "पातळ काम डोळ्याला गोड आणि पोटाला कडू हो, दिवाणजी." वडिलांनी मान हलवली आणि चिठ्ठी आहे तशीच दिली. दर मालक ठरवायचे. दिवाणजीचं काम लिहायचं.

ही वजनावरची मजुरी काही आमच्या बाजारानं शोधलेली नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तांबं, पोलाद, कासं यांच्या कारागिराची मजुरी शेकडा पाच सांगितली आहे, आणि तांब्यात दहावा हिस्सा घट जाणार हेही मान्य केलं आहे. त्याहून जास्त घट आली तर दंड. मजुरी आणि घट एका दमात सांगितलेली आहे, हे मला कॉलेजात वाचताना फार आवडलं होतं. राज्य कुणाचंही असो, कारागिराच्या समोर काटा ठेवलेलाच.

घंगाळाकडे परत येतो. पायाशी होतं म्हणून मी त्याच्या पोटावर हात ठेवला. बाहेरून पूर्ण मठारकाम. तांब्याचा पत्रा तापवला की मऊ पडतो, आकार घेतो. मग ऐरणीवर ठेवून एकाशेजारी एक ठोके देत गेलं की तो पुन्हा कडक होतो. ते चमचमणारे खळगे शोभेचे वाटतात, पण भांड्याला ताकद त्यांचीच. रुपयाच्या नाण्याखाली पाच-सहा ठोके मावतील इतके दाट. लहानपणी आंघोळीला बसलो की मी ते मोजायला घ्यायचो. वरून खाली एक ओळ धरून एकेचाळीस झाले की आडव्या ओळींचा गुणाकार जमायचा नाही आणि मावशी ओरडायची. आता गुणाकार येतो. अडीच-तीन हजार ठोके असावेत. मजुरी डोळ्यांनी दिसेल, बोटांनी मोजता येईल अशा वस्तू फार थोड्या असतात. घंगाळ ही त्यातली एक. आणि तरी काट्यावर चार किलो, बाकी शून्य.

मी बी.कॉम. झालो, मग आयसीडब्ल्यूएच्या, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या, इंटरपर्यंत गेलो आणि फायनलला दोनदा आपटून गप्प बसलो. १९८९ साली सातपूरच्या एका कारखान्यात कॉस्टिंगला, म्हणजे वस्तू केवढ्याला पडते त्याचा हिशेब काढायला, लागलो. चाळीसेक माणसं; मशीनं म्हणजे आठ लेथ, दोन ड्रिलिंग, एक रडका मिलिंग. मायको आणि महिंद्रा यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्यानं सातपूर-अंबडला असे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले, त्यातलाच एक. पहिल्या दिवशी मालकांनी टेबलावर एक बुश ठेवला. पोलादी, नळीच्या तुकड्यासारखा. "हा आपल्याला केवढ्याला पडतो, संध्याकाळपर्यंत सांगा."

स्टोअरकीपरनं वाचवलं. त्यानं सळईवर खडूनं लिहून दाखवलं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. पोलादाची घनता ७.८५ असल्यामुळे हा आकडा निघतो, हे मी नंतर ताडून पाहिलं. पितळेला १५० नं भागतात. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. काटा न लावता वजन! दुसऱ्या दिवशी दुकानातली पितळी कांब मोजून, वजन करून, खरं आहे म्हणून मला सांगून गेले.

तर बुश. बाहेरून ३० मिलिमीटर, आतून १६, लांबी ४०. त्यासाठी ३२ ची सळई घ्यायची. ३२ चा वर्ग १०२४, भागिले १६२, मीटरला ६ किलो ३२० ग्रॅम. एका नगाला ४० मिलिमीटर लांबी आणि कापताना हत्यार ३ मिलिमीटर खातं, म्हणजे ४३. तीन मीटरच्या सळईत ६९ नग बसतात आणि ३३ मिलिमीटरचा तुकडा उरतो, कुठल्याच कामाचा नाही असा. तो तुकडाही ६९ नगांवर वाटायचा. सगळं धरून एका नगाला २७५ ग्रॅम पोलाद लागलं. तयार बुशाचं वजन १५९ ग्रॅम. उरलेलं ११६ ग्रॅम कीस होऊन लेथच्या खाली. शंभर किलो सळई आणली तर अठ्ठावन्न किलो माल बाहेर जातो आणि बेचाळीस किलो भंगारवाल्याच्या टेम्पोत. भंगाराला सळईच्या भावाच्या निम्मेही मिळत नाहीत, पण जे मिळतात ते मालाच्या खर्चातून वजा करायचे. संध्याकाळी कागद पूर्ण झाला आणि लक्षात आलं की मी वडिलांचीच चिठ्ठी लिहिली आहे. माल, मजुरी, वजा मोड. नुसत्या ओळी वाढल्या होत्या.

पुस्तकात यांची नावं भारदस्त. वस्तूत जो थेट दिसतो, ज्याचा माग त्या एका नगापर्यंत लावता येतो, तो डायरेक्ट मटेरियल. ज्याचा हात थेट त्या नगाला लागला त्याची मजुरी डायरेक्ट लेबर. दोन्ही मिळून, आणि असलेच तर त्या कामापुरते आणलेले इतर थेट खर्च धरून, प्राइम कॉस्ट. लेथवर हत्यार थंड ठेवायला पडणारं कुलंट, चिंध्या, ग्रीस हे सगळं इनडायरेक्ट. सळया उचलून देणारा हेल्पर, कीस झाडणारी बाई, रात्रीचा वॉचमन, आणि अर्थातच मी, आम्हीही इनडायरेक्ट. कामगारांना हा शब्द कुठून तरी कळला होता. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन गेलो की एखादा म्हणायचा, "या, इनडायरेक्ट या."

जॉबवर्कच्या धंद्यात ही चिठ्ठी आणखी गमतीची होते. काम देणारी पार्टी स्वतःची सळई पाठवते, सोबतच्या चलनाच्या कागदावर किलो लिहून. आपण फक्त मजुरी घ्यायची. म्हणजे वडिलांच्या चिठ्ठीतली पहिली ओळ खोडली, दुसरी राहिली. आता तिसरीचं काय? कीस कुणाचा? सातपूरमध्ये जितकी भांडणं मजुरीच्या दरावरून झाली असतील, त्याहून जास्त या बेचाळीस किलोंवरून झाली असतील. कुठे कीस आपण ठेवायचा आणि म्हणून मजुरी कमी घ्यायची. कुठे पोती भरून, वजन करून, परतीच्या चलनावर परत पाठवायचा. गोणीत पाणी मारलेला कीस, कुलंटनं ओला कीस, खाली बसलेली माती, यावर मी तासन्‌तास फोनवर बोललोय. दोन किलोंचा फरक आला तर पार्टीचा माणूस पत्र पाठवायचा. मजुरीत पाच तासांचा फरक आला तर कुणाचंच पत्र येत नसे.

कारण मजुरी काट्यावर चढत नाही. तिला घड्याळ लावावं लागतं, आणि ते काम माझ्याकडे आलं.

आमचे सगळ्यात जुने टर्नर (लेथ चालवणारे) होते, त्यांना सगळे मामा म्हणत. सातपूरच्या आयटीआयमधून शिकलेले, डाव्या हाताची करंगळी अर्धी. मी स्टॉपवॉच घेऊन त्यांच्या मागे उभा राहिलो. एक बुश दोन मिनिटं पन्नास सेकंदांत. मी हिशेब मांडला: पाळीची ४८० मिनिटं, त्यातून दोन चहा, साफसफाई, हत्यार बदलणं असा तास काढला, उरली ४२०. म्हणजे १४८ नग व्हायला हवेत. होत होते १३२-१३३. मालक म्हणाले, पंधरा नग कुठे जातात ते शोधा.

मी चार दिवस उभा राहिलो. पहिले दोन दिवस काही हाती लागलं नाही, कारण मी उभा असलो की मामा ठरवून एका चालीनं काम करायचे. "साहेब, तुमचं घड्याळ आलं की माझ्या हाताला पाहुण्यांसमोर जेवल्यासारखं होतं," म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी खांबाआड उभा राहिलो. (तिथे उभं राहायची लाज अजून वाटते.) मग पंधरा नग सापडले. गंजलेल्या सळया एकमेकींना चिकटलेल्या, त्या सोडवायला हेल्पर दुसऱ्या खात्यात गेलेला. बोअर, म्हणजे बुशाचं आतलं भोक, मोजायचा गेज दोन मशीनांत मिळून एक, पलीकडचा मोकळा होईपर्यंत मामा थांबलेले. लेथच्या हत्याराची नवी टिप हवी तर स्टोअरमध्ये जाऊन सही करायची आणि स्टोअरवाला चहाला. दोनदा लाइट गेली. पंधराच्या पंधरा नग दुसऱ्या खात्यांत पडलेले होते आणि कागदावर मामांच्या नावावर बुडीत दिसत होते. हात डायरेक्ट त्यांचा ना!

आणखी एक गोष्ट दिसली, ती मात्र लिहायला माझ्याकडे रकाना नव्हता. मामा मध्येच मशीन थांबवायचे. माझ्या कानाला काहीच वेगळं लागलं नव्हतं. ते टिप काढून उजेडात धरायचे, फिरवून लावायचे. "आवाज बसला होता," एवढंच. त्यानंतरचे चाळीस नग त्यामुळे वाचायचे. न बिघडलेल्या चाळीस नगांची नोंद कुठे करतात ते मला आजही सांगता येणार नाही. थांबलेली दोन मिनिटं मात्र मी इमानदारीनं लिहिली होती.

बिघडलेल्यांची नोंद होते. एकदा ६०० बुश नापास होऊन आले. बोअर पाच शतांश मिलिमीटरनं मोठा. चूक मशीनवरची नव्हती. ड्रॉइंग बदललं होतं आणि नवं ड्रॉइंग ऑफिसात, माझ्या शेजारच्या टेबलावर, चार दिवस पडून होतं. भंगारवाला आला. ६०० नग, ९५ किलो भरले. त्यानं नोटा मोजून दिल्या, मी पावती फाडली. मग मामांच्या हातचे ६०० गुणिले दोन मिनिटं पन्नास सेकंद, अठ्ठावीस तास होतात, ते लिहायला बसलो. हे तास कुणाला विकायचे? त्यांचा टेम्पो येत नाही. पोलाद पुन्हा वितळेल, दुसऱ्या कुठल्या तरी सळईत जाईल. पुस्तकात या नुकसानीला असाधारण घट म्हणतात आणि नफा-तोट्याच्या पत्रकात टाकून मोकळे होतात. मीही झालो. मामांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "म्हणजे साडेतीन दिवस मी आलोच नव्हतो म्हणा ना."

पगाराचा हिशेबही वरवर दिसतो तसा नसतो. शंभर रुपये मूळ पगारावर मालकाचे पीएफचे १२, ईएसआयचे आता सव्वातीन (२०१९ च्या जूनपर्यंत पावणेपाच होते), बोनसचे किमान ८.३३, ग्रॅच्युइटीचे ४.८१. म्हणजे अठ्ठावीसच्या वर. शिवाय रजा, सण, आणि ओव्हरटाइमला कायद्यानं दुप्पट. हे सगळं घालून तासाचा दर काढायचा. छोटे मालक बहुतेकदा नुसता हातात पडणारा पगार धरतात आणि वर्षाखेरीला पैसा गेला कुठे म्हणून डोकं धरतात. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

मला सलत राहिलेली गोष्ट दुसरी आहे. आम्ही एका मोठ्या कंपनीला माल द्यायचो. नाव नको. त्यांचा कॉस्टिंगचा तक्ता उघडा असे: सळईचा भाव, वजन, भंगाराची वजावट, मजुरीची मिनिटं, सगळं त्यांना दाखवायचं. पोलाद महागलं की तिमाहीला दर सुधारून मिळायचा, मागल्या तारखेपासूनचा फरकही मिळायचा. स्वस्त झालं की तेवढाच कापला जायचा. ते रास्तच. पण मजुरीच्या रकान्याला असा काही नियमच नव्हता. राज्यात किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. ते पत्र जोडलं की उत्तर यायचं, हा तुमचा अंतर्गत विषय आहे. उलट दर एप्रिलला मजुरीत शेकडा दोन-तीन कपात मागायचे. दरवर्षी तुमचा हात बसतो, काम लवकर होतं, असा युक्तिवाद. धातूचा भाव जगात ठरतो म्हणून तो खरा. मजुरीचा भाव आमच्या दोघांत ठरतो म्हणून तो कमी होऊ शकतो. भांडी बाजारातलं "घडणावळीत काही कमी करा" तेवढं इंग्रजी पत्रातून येत होतं.

मी काय केलं? १७० सेकंदांच्या जागी १५५ लिहिलं. कीबोर्डवर दोन आकडे दाबले. कागदावर पाळीला १६२ नग व्हायला लागले. खाली मामा १३३ च करत होते, कारण गेज अजूनही एकच होता. वडील म्हणायचे दिवाणजीचं काम लिहायचं. ते वाक्य त्या दिवशी मी स्वतःला ऐकवून घेतलं. मालक वाईट नव्हते. ऑर्डर गेली असती तर चाळीस घरं अडचणीत आली असती, हेही खोटं नव्हतं. पण त्या पंधरा सेकंदांचा माल कुठून आला, हे मला विचारलं तर मी मामांकडेच बोट दाखवीन.

पुढे सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणारी मशीनं आली. एक माणूस दोन मशीनं बघायला लागला, मजुरीची सेकंदं निम्मी झाली आणि मशीनचा ताशी दर तक्त्यात बोकाळला. मामा तोवर निवृत्त झाले होते.

घरी बायको दिवाळीला चिवड्याच्या ऑर्डरी घेते. अगदी जाहिरात वगैरे नाही; गंगापूर रोडच्या दोन सोसायट्या आणि तिच्या भिशीतल्या बायका. मी एका वर्षी तिला फार उत्साहानं तक्ता करून दिला. पोहे, तेल, शेंगदाणे, डाळं, खोबरं, गॅस, पिशवी. तिनं वाचला आणि बाजूला ठेवला. तिचा हिशेब ठरलेला होता. साधा चिवडा एका दरानं, तळलेल्या कांद्याचा चिवडा पुष्कळ चढ्या दरानं. मी म्हणालो, कांदा तर स्वस्त आहे सध्या, एवढा फरक कसा? म्हणाली, "कांदा स्वस्त असेल. तो चिरायला, उन्हात वाळवायला आणि कढईपाशी न हलता उभं राहायला कोण आहे? क्षणभर वळलं की काळा. त्या उभं राहण्याचे आहेत ते." गिऱ्हाईक 'जरा कमी करा' म्हणालं तर ती सरळ सांगते, मग साधा न्या. लासलगावला कांदा पडला काय नि चढला काय, तिचा दर तोच. एवढी स्वच्छ डायरेक्ट लेबर मी पस्तीस वर्षांत एकाही तक्त्यात पाहिली नाही. ती मुळात घासाघिशीला बसतच नाही, आणि तिला ते परवडतं, कारण दिवाळीच्या ऑर्डरीवर आमचं घर चालत नाही. मामांना ते परवडलं नसतं.

हे सगळं त्या चहाच्या पेल्यासमोर डोक्यात फिरत होतं. आजोबांनी मध्येच सांगितलं की येवल्याहूनही असंच येतं कधी कधी. म्हणजे भांडी नव्हे, पैठणीची जर. जुन्या जरीच्या पैठण्या घेणारे लोक असतात हे मला माहीत होतं. आजीची एक तशीच गेली. ते लुगडं तोलत नाहीत, जाळतात. रेशीम राख होऊन उडून जातं आणि खाली चांदीचा गोळा उरतो, तो तोलतात. पदरातला प्रत्येक मोर विणकरानं रंगारंगाच्या तिल्ल्या (धाग्याच्या छोट्या कांड्या) हातानं फिरवून, धागा धागा मोजून काढलेला असतो. मागावर महिने जातात. ज्या जाळानं चांदी मोकळी होते त्याच जाळात ते महिने जातात. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण माणसांसाठी सर्रास वापरतो, तो आला कुठून हे पाहायचं असेल तर भांडी बाजारात तासभर बसावं.

घंगाळ विकलं नाही. भावनेच्या भरात वगैरे नाही. आजोबांनीच सांगितलं की बुडाला ठिगळ लागलं तर अजून वीस वर्षं जाईल, आणि मागच्या बोळात एक म्हातारा कारागीर अजून बसतो. मावशीच्या बंबाचं फाटकं झाकण पिशवीत होतंच, त्याचाच पत्रा वापरा म्हणाले.

पूर्वी त्या बोळात शिरलं की बोलणं ऐकू येत नसे. आता एकाच घरातून ठोके येत होते, तेही मध्ये मध्ये थांबत. म्हाताऱ्यांनी झाकण घेतलं, कात्रीनं भाकरीएवढा तुकडा कापला, तापवला, चिंचेच्या पाण्यात टाकला. मग पायानं घंगाळ धरून ऐरणीवर बुडाला तो तुकडा बसवत राहिले. पाच-सहा ठोके, मग बोटानं चाचपणं, मग पुन्हा ठोके. एकदा घंगाळ कानाशी धरून टिचकी मारली, मान हलवली आणि एका बाजूला आणखी दोन ठोके दिले. मी पाहिलं तर माझं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे होतं. एक तास दहा मिनिटं. कथलाचा डाग, पाणी भरून तपासणी, पुन्हा एक डाग.

"बाबा, मजुरी किती?"

"द्या काय द्यायची ती."

पस्तीस वर्षांचा कॉस्टिंगवाला मी. तासाचा दर, रजा, भत्ता, सगळं डोक्यात. तोंडातून आकडा फुटेना. शेवटी त्यांनीच सांगितला, आणि तो इतका लहान होता की मी काही न बोलता जास्तीच्या नोटा त्यांच्या हातात ठेवल्या. त्यांनी त्या न मोजता बंडीच्या खिशात घातल्या.

मी घंगाळ उचललं तर म्हणाले, "थांबा." फडक्यानं ऐरणीभोवतीची जमीन झाडली. कात्रीतून पडलेल्या तांब्याच्या कातरणी, दोन तीन वाकड्या पट्ट्या, नखाएवढे तुकडे, सगळं वेचून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलं. उरलेलं झाकण आणि ती पुडी माझ्या हातात दिली.

"पत्रा तुमचा होता," म्हणाले. "मोड तुमची."

पुडी अजून माझ्या टेबलावर आहे. परवा बायकोच्या चिवड्याच्या काट्यावर ठेवून पाहिली. सव्वीस ग्रॅम, कागदासकट.